इलेक्ट्रॉनबद्दल केंद्रकाला का विचारायचं?

एमआरआयच्या बोगद्यात जाऊन आलेल्या माणसाला एवढं माहीत असतं की ते यंत्र मोठ्या चुंबकावर आणि रेडिओलहरींवर चालतं. त्याच तत्त्वावर, म्हणजे एनएमआरवर (केंद्रकीय चुंबकीय अनुनादावर), अर्धवाहकांतल्या इलेक्ट्रॉनांचा अभ्यास होतो, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. माझी धाकटी बहीण त्यातच पीएचडी करते आहे. आमचे काका निवृत्त होईपर्यंत एका कारखान्यात सिलिकॉनच्या चकत्या तपासत होते आणि त्यांचा सगळा भरवसा व्होल्टमीटरवर. दिवाळीत दोघांची जुंपली ती अशी. मधले पाहुणे आणि फोन मी गाळले आहेत, विज्ञानातलं काही गाळलेलं नाही.

काका: तुझं सगळं काम मला द्राविडी प्राणायाम वाटतो बघ. इलेक्ट्रॉनची माहिती हवी तर इलेक्ट्रॉनलाच विचारावी. आम्ही काय करायचो? चकतीतून पाच मिलिमीटरचा चौकोन कापायचा. चारही कोपऱ्यांवर इंडियमचा बारीक ठिपका दाबायचा, हॉटप्लेटवर जरा तापवून तो नीट बसवायचा, त्यावर केसासारख्या तारा. मग तुकडा चुंबकात ठेवायचा, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून प्रवाह सोडायचा आणि उरलेल्या दोघांत किती मायक्रोव्होल्ट येतात ते वाचायचं. चुंबकाची दिशा उलटी करून पुन्हा वाचायचं, म्हणजे तारांच्या बारीकसारीक चुका कटतात. हॉलनं १८७९ साली दाखवलेला परिणाम आणि व्हॅन डर पाऊची १९५८ सालची रीत. घनसेंटिमीटरमध्ये इलेक्ट्रॉन किती आणि ते किती चपळ, दोन्ही आकडे चहा गार व्हायच्या आत हातात.

धाकटी: आणि त्यातला कुठला इलेक्ट्रॉन कुठे बसलाय, ते?

काका: ते कशाला हवंय?

धाकटी: कारण सगळे सारखे नसतात, काका. तुमचा हॉल व्होल्टेज म्हणजे अख्ख्या तुकड्याची बेरीज. त्यात वाहणारा इलेक्ट्रॉन मोजला जातो. अडकून पडलेला मोजला जात नाही. शिवाय प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे तो स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. त्या चुंबकांपैकी किती एका बाजूला वळलेत, हे व्होल्टमीटर थेट सांगत नाही.

काका: बरं, मग तुझं केंद्रक कसं सांगतं? ते बिचारं अणूच्या मधोमध बसलेलं. त्याला बाहेरच्या इलेक्ट्रॉनचं काय सोयरसुतक?

धाकटी: आहे ना. केंद्रकालाही स्पिन असतो, निदान काही केंद्रकांना. चुंबकीय क्षेत्रात ते एका ठरावीक वारंवारतेनं घिरट्या घालतं. सिलिकॉन-२९ घेतलं तर एका टेस्लाला साधारण ८.५ मेगाहर्ट्झ, गॅलियम-७१ ला जवळपास १३. त्या वारंवारतेच्या रेडिओलहरी दिल्या की ते प्रतिसाद देतं. १९४५-४६ च्या हिवाळ्यात हार्वर्डमध्ये पर्सेल आणि स्टॅनफर्डमध्ये ब्लॉख यांनी आपापल्या सहकाऱ्यांबरोबर हे वेगवेगळं दाखवलं आणि १९५२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. आता गंमत अशी की केंद्रकाला जाणवणारं क्षेत्र म्हणजे फक्त बाहेरच्या चुंबकाचं क्षेत्र नव्हे. काही इलेक्ट्रॉनांची लहर थेट केंद्रकाच्या जागीही शून्य नसते. तिथे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा केंद्रकाच्या स्पिनशी थेट संबंध येतो आणि केंद्रकाची वारंवारता किंचित सरकते. वॉल्टर नाइट यांना १९४९ मध्ये तांब्यात हे दिसलं. क्युप्रस क्लोराइड या क्षारातल्या तांब्यापेक्षा धातूतल्या तांब्याची वारंवारता ०.२३ टक्क्यांनी जास्त भरली. तो फरक वाहत्या इलेक्ट्रॉनांमुळे होता.

काका: तांबं हा धातू आहे. तिथे अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. माझ्या चकतीत लाखो अणूंमागे एखादा. तुझी वारंवारता सरकणार किती?

हा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण याच प्रश्नानं अर्धवाहकांतला एनएमआर पुढची कित्येक वर्षं अडवून धरला. धाकटीनंही तो उडवून लावला नाही.

धाकटी: फार थोडी, हे खरंय. आणि दुसरी पंचाईत सांगू? निसर्गातल्या सिलिकॉनपैकी फक्त ४.७ टक्के सिलिकॉन-२९ असतं, बाकीच्याला स्पिनच नाही. त्यातही साध्या खोलीच्या तापमानाला सात टेस्लाच्या चुंबकात दहा लाख केंद्रकांमागे पाचांच्या आसपास एवढाच फरक पडतो, इकडे वळलेली आणि तिकडे वळलेली यांच्यात. आपल्याला ऐकू येतो तो तेवढा फरक. त्यात सिलिकॉन शुद्ध असेल तर केंद्रकं एकदा ढवळली की पुन्हा जागेवर यायला तास लागतात.

काका: तास! आणि तू म्हणतेस हे मोजमाप.

धाकटी: पण तो वेळसुद्धा माहिती देतो! शुद्ध सिलिकॉनमध्ये केंद्रकाला जागेवर आणायला जवळपास कुणी नसतं, म्हणून तास. अशुद्धी मिसळून इलेक्ट्रॉन वाढवले की वेळ घटतो, कारण येता-जाता इलेक्ट्रॉन केंद्रकाचा स्पिन उलटवतात. ब्लुमबर्गेन यांनी १९५४ मध्ये अर्धवाहकांसाठी याचा हिशेब मांडला. दोन वर्षांनी शुलमन आणि वायलुडा यांनी एन आणि पी या दोन्ही प्रकारच्या सिलिकॉनमध्ये तो वेळ मोजला. पी-प्रकारात वाहतं ते होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, आणि होलची लहर केंद्रकाच्या जागी जवळपास शून्य होते. म्हणून होल आणि इलेक्ट्रॉन यांचा केंद्रकावरचा परिणाम मुळातच वेगळा असतो. तुमच्या हॉल मोजमापात तो फरक फक्त धन-ऋण चिन्हात दिसतो. इथे तो लहरीच्या आकारात दिसतो.

काका: चिन्ह काय थोडं आहे? अख्खा उद्योग त्या चिन्हावर उभा राहिला.

धाकटी: थोडं नाही म्हणतच नाही मी. पण फेहरचं काम ऐका, मग सांगा.

जॉर्ज फेहर यांचं काम मला स्वतःला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वाटतं, त्यामुळे इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे. फेहर ब्राटिस्लाव्हात जन्मलेले. ते अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये काम करत असताना १९५६ मध्ये त्यांनी दुहेरी अनुनादाची युक्ती शोधली. पुढे ते प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासाकडे वळले आणि तिथेही मोठं नाव कमावलं. सिलिकॉनवरचा त्यांचा लेख १९५९ चा.

धाकटी: सिलिकॉनमध्ये एखादा फॉस्फरसचा अणू बसवला की त्याचा पाचवा इलेक्ट्रॉन जास्तीचा ठरतो. द्रव हेलियमच्या तापमानाला तो फॉस्फरसच्या भोवती घुटमळतो, पण अणूला चिकटून नव्हे. त्याची लहर हजारो सिलिकॉन अणूंवर पसरलेली असते. ती कशी पसरलीय, कुठल्या अणूवर जास्त, कुठल्या अणूवर कमी, हे सिद्धांतानं सांगितलं होतं. कोन आणि लटिंगर यांनी १९५५ मध्ये गणित केलं होतं. पण ते पाहायचं कसं? फेहरनं त्या इलेक्ट्रॉनचा स्वतःचा अनुनाद मायक्रोवेव्हनं लावून ठेवला आणि त्याच वेळी रेडिओलहरीची वारंवारता हळूहळू सरकवत नेली. ज्या क्षणी रेडिओलहर एखाद्या जागेवरच्या सिलिकॉन-२९ केंद्रकाला उलटवते, त्या क्षणी इलेक्ट्रॉनच्या सिग्नलमध्ये फरक पडतो. फॉस्फरसपासून प्रत्येक अंतरावरच्या, प्रत्येक दिशेच्या जागेला आपली वेगळी रेषा. रेषा जितकी दूर सरकलेली, तितका त्या जागी इलेक्ट्रॉनचा वावर जास्त.

काका: म्हणजे त्यानं इलेक्ट्रॉन जागेजागेवर मोजला.

धाकटी: एकेका अणूच्या जागेवर, काका. १९५९ साली! तेव्हा पृष्ठभागावरचा अणू दाखवणारं टनेलिंग मायक्रोस्कोपसुद्धा नव्हतं. आणि त्या मापांतून आणखी एक गोष्ट निघाली. वाहत्या इलेक्ट्रॉनची सर्वांत कमी ऊर्जेची जागा, म्हणजे बॅंडचा तळ, संवेगाच्या अवकाशात मध्यापासून सीमेपर्यंतच्या अंतराच्या ८५ टक्क्यांवर आहे. हा आकडा तुमच्या-माझ्या पाठ्यपुस्तकात आहे. तुम्ही कारखान्यात जो सिलिकॉनचा चार्ट लावला होता, त्याच सिलिकॉनचा.

काका: हं. हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. पण एक विचारतो. यात तू इलेक्ट्रॉनचा अनुनाद ऐकतेस, केंद्रकाला फक्त ढोसतेस. शेवटी बोललं कोण? इलेक्ट्रॉनच!

धाकटी: ढोसलं नसतं तर तो जागेबद्दल काहीच बोलला नसता.

काका: मान्य. पण तो चिमूटभर फॉस्फरस घातलेला, गोठवलेला, एकांतातला इलेक्ट्रॉन. मला गर्दीतला सांग. ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन पातळ थरात एकमेकांना ढकलत असतात. तिथे केंद्रकं किती? थर इतका पातळ की तुझ्या कॉइलला त्याचा पत्ताही लागणार नाही.

धाकटी: बरोबर पकडलंत. साध्या एनएमआरनं तो थर ऐकूच येत नाही. म्हणून केंद्रकांना आधी प्रकाशानं एका दिशेला वळवायचं. १९६८ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज लाम्पेल यांनी सिलिकॉनवर वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश टाकून हे करून दाखवलं. प्रकाशानं इलेक्ट्रॉन एकाच बाजूच्या स्पिननं उठतात, ते आपला स्पिन केंद्रकाला देतात, आणि केंद्रकं उष्णतेच्या हिशेबानं जितकी वळायला हवीत त्याच्या कितीतरी पट वळतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये तर हे आणखी चांगलं जमतं. तिथे प्रकाशानं उठलेल्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन ५० टक्क्यांपर्यंत एका बाजूला जाऊ शकतो, आणि गॅलियम-६९, गॅलियम-७१, आर्सेनिक-७५ अशा सगळ्याच केंद्रकांना स्पिन असतो. एकही मुकं केंद्रक नाही.

काका: आणि मग?

धाकटी: मग १९९४-९५ मध्ये बेल लॅब्जमध्ये बॅरेट, टायको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम वेलवर प्रयोग केले. क्वांटम वेल म्हणजे दोन ॲल्युमिनियम-गॅलियम-आर्सेनाइडच्या भिंतींमधला काही शे अँगस्ट्रॉम जाडीचा थर. असे अनेक थर एकावर एक. तुकडा रेडिओ कॉइलमध्ये, तापमान काही केल्विन, चुंबक काही टेस्लाचा. आधी रेडिओ पल्सेसचा मारा करून केंद्रकांची जुनी दिशा पूर्ण पुसायची. मग लेसर. त्याचा रंग असा निवडलेला की भिंतीतून तो आरपार जातो आणि फक्त वेलमध्ये शोषला जातो. काही वेळ तसं राहू द्यायचं. मग लेसर बंद. अंधारात थोडं थांबायचं, म्हणजे प्रकाशानं विस्कटलेले इलेक्ट्रॉन आपल्या स्वाभाविक स्थितीला परततात, पण केंद्रकांनी घेतलेली दिशा टिकून असते. मग एकच पल्स आणि ऐकायचं.

काका: हे बरं केलं. मोजताना लेसर चालू असता तर मी ते मोजमाप फेकून दिलं असतं.

धाकटी: म्हणूनच तर अंधार. आता आलेखात दोन शिखरं दिसतात, एक भिंतीतल्या गॅलियमचं आणि दुसरं वेलमधल्या. वेलमधलं सरकलेलं, कारण तिथे इलेक्ट्रॉन आहेत. दोघांतलं अंतर म्हणजे नाइट शिफ्ट. भिंत आपल्याला शून्याची खूण देते.

इथे काकांनी मान हलवली. शून्याची खूण नमुन्याच्या आतच मिळावी, ही त्यांच्या धंद्यातल्या माणसाला पटणारी गोष्ट.

धाकटी: चुंबकीय क्षेत्र मोठं केलं की या पातळ थरातले इलेक्ट्रॉन ठरावीक पायऱ्यांवर बसतात. खालची पायरी एकाच स्पिननं अगदी काठोकाठ भरली, की तिला एक भराव म्हणतात. तुमच्या क्वांटम हॉल परिणामात तिथे सपाट पठार येतं, क्लित्झिंगनी १९८० मध्ये शोधलेलं. पठारानं एवढं कळतं की भराव एक आहे. पण त्या भरावात एक इलेक्ट्रॉन जास्तीचा टाकला, किंवा एक काढला, तर स्पिनचं काय होतं? सरळ हिशेब असा की एकच स्पिन उलटेल. पण १९९३ मध्ये शिवाजी सोंढी आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं की इलेक्ट्रॉनांमधलं विद्युत अपकर्षण इतकं जबर आहे की एक स्पिन झटकन उलटण्यापेक्षा आजूबाजूचे कित्येक स्पिन थोडे थोडे वळत जाणं त्यांना स्वस्त पडतं. या वळलेल्या गुंत्याला स्कर्मिऑन म्हणतात. बॅरेट यांच्या मापात नाइट शिफ्ट भराव एकच्या दोन्ही बाजूंना कोसळते. एका जादा इलेक्ट्रॉनमागे सुमारे ३.६ स्पिन उलटतात, असा हिशेब निघाला. एकच उलटत असता तर घसरण हळूहळू झाली असती.

काका: आणि माझं पठार यातलं काहीच सांगत नाही.

धाकटी: पठार होतं तिथेच, तसंच.

काका: थांब. मला तुझ्या आकड्यावरच शंका आहे. नाइट शिफ्ट म्हणजे नेमकं काय मोजतेस तू? इलेक्ट्रॉनचा वावर केंद्रकाच्या जागी किती, गुणिले त्यांचा स्पिन किती वळलेला. गुणाकार मोजतेस! त्यातला एक आकडा माहीत नसेल तर दुसरा कुठून काढणार? चकतीत ताण असेल तर गॅलियमची रेषा फुटते, आकार बदलतो. तुझी शिफ्ट म्हणजे स्पिन आहे, हे सिद्ध कशानं?

माझं मत विचाराल तर अख्ख्या संध्याकाळीत सर्वांत मोलाचं वाक्य हेच होतं. गुणाकारातला एक भाग घट्ट धरल्याशिवाय दुसऱ्याबद्दल बोलू नये, हे काकांचं म्हणणं या क्षेत्रातल्या चांगल्या प्रयोगकारांचंही होतं. बहीण बाजू मांडत होती, पण या ठिकाणी तिचा आवाज खाली आला.

धाकटी: तुम्ही म्हणता ते खरंय, आणि लोकांनी त्यावरच मेहनत केली. मार्ग असा की इलेक्ट्रॉनचा स्पिन शंभर टक्के एका बाजूला आहे, अशी एक अवस्था शोधायची. एक-तृतीयांश भरावाला, पुरेसं थंड केलं की, शिफ्ट वाढत वाढत एका मर्यादेला येऊन थांबते, पुढे थंड केलं तरी हलत नाही. ती मर्यादा म्हणजे शंभर टक्के धरायची. मग बाकीची मापं तिच्याशी ताडायची. बॅरेट येलला गेल्यावर त्यांच्या गटानं १९९८ मध्ये हे नीट केलं.

काका: असं म्हण. मग माझी हरकत नाही. मर्यादा दाखवल्याशिवाय टक्के सांगायचे नाहीत.

धाकटी: तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देते. १९८८ मध्ये डोबर्स, क्लित्झिंग आणि सहकाऱ्यांनी कॉइलमधून ऐकायचं सोडूनच दिलं. रेडिओलहरी केंद्रकाच्या वारंवारतेवर आणल्या की पातळ थराचा विद्युतरोधच किंचित बदलतो. तोच मोजायचा. केंद्रकं उलटली की इलेक्ट्रॉनना जाणवणारं क्षेत्र बदलतं आणि रोध बदलतो.

काका: बघ! म्हणजे शेवटी तारा आणि मायक्रोव्होल्ट!

धाकटी: तारा तुमच्या, वारंवारता माझी. २०१२ मध्ये जपानमध्ये टिमान, मुराकी आणि सहकाऱ्यांनी याच रीतीनं पाच-द्वितीयांश भरावाचा स्पिन मोजला. ही अवस्था विचित्र आहे. तिथले कण नेहमीच्या कणांसारखे वागत नाहीत अशी अपेक्षा आहे, आणि ते खरं ठरायचं तर पहिली अट अशी की स्पिन पूर्ण वळलेला हवा. तो पूर्ण वळलेला निघाला. नुसता प्रवाह मोजून ती अट तपासता आली नसती.

काका: हे सगळं पटतंय मला. पण मूळ तक्रार अजून तशीच आहे. ज्या संबंधामुळे तुझं केंद्रक इलेक्ट्रॉनबद्दल सांगू शकतं, त्याच संबंधामुळे ते इलेक्ट्रॉनला त्रासही देतं. हल्ली क्वांटम कॉम्प्युटरचं बोलतात ना, त्यात इलेक्ट्रॉनचा स्पिन म्हणजे बिट. त्याच्याबद्दल मी वाचलंय.

धाकटी: त्रास भयंकर देतं. गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम डॉटमध्ये, म्हणजे एखादा इलेक्ट्रॉन कोंडणाऱ्या इवल्याशा जागेत, एका इलेक्ट्रॉनच्या खाली दहा लाखांच्या घरात केंद्रकं येतात. ती सगळी एका दिशेला वळली तर इलेक्ट्रॉनला पाच टेस्लाहून जास्त क्षेत्र जाणवेल, बाहेर चुंबक नसतानाही. ती सगळी वळत नाहीत, इकडे-तिकडे डुलत असतात, म्हणून उरतं ते काही मिलिटेस्ला, पण तेही स्थिर नाही. २००५ मध्ये हार्वर्डच्या पेट्टा आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा इलेक्ट्रॉनचा स्पिन साधारण दहा नॅनोसेकंदांत बेताल होत होता. इको देऊन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन मध्येच उलटवून, केंद्रकांच्या डुलण्याचा संथ भाग कापला तेव्हा तो सुमारे एका मायक्रोसेकंदावर गेला.

काका: म्हणजे साक्षीदारच आरोपीला ढकलतोय.

धाकटी: ढकलतोय म्हणूनच त्याला माहीत आहे, काका. एकाच जोराची दोन टोकं आहेत ही. केंद्रकाला इलेक्ट्रॉन जाणवला नसता तर त्याची वारंवारता सरकली नसती, आणि इलेक्ट्रॉनला केंद्रक जाणवलं नसतं तर दहा नॅनोसेकंद झाले नसते. क्वांटम डॉटवाल्यांना किती त्रास होणार याचा आकडा १९७७ सालच्या एका एनएमआरच्या कामातूनच मिळाला. पाजे, लाम्पेल, सपोव्हाल आणि सफारोव्ह यांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये प्रकाशानं केंद्रकं वळवून, त्यांचं क्षेत्र किती होतं ते मोजून ठेवलं होतं.

काका: मग उपाय सरळ आहे. स्पिनवाली केंद्रकं काढून टाका. सिलिकॉनमध्ये ते शक्य आहे, सिलिकॉन-२८ ला स्पिन नाही.

धाकटी: काढलीतच. किलोग्रॅमची नवी व्याख्या ठरवताना जे गोळे केले ना, त्यासाठी सिलिकॉन-२८ चं ९९.९९५ टक्क्यांपर्यंत शुद्धीकरण झालं. तसल्याच सिलिकॉनमध्ये फॉस्फरसच्या केंद्रकानं आपला स्पिन खोलीच्या तापमानाला ३९ मिनिटं सांभाळला, २०१३ मध्ये.

काका: केंद्रकानं? इलेक्ट्रॉननं नव्हे?

धाकटी: केंद्रकानं. आणि त्या प्रयोगात फॉस्फरसचा इलेक्ट्रॉन काढून टाकला होता. इलेक्ट्रॉन शेजारी असेल तर केंद्रकालाही इतका वेळ शांत राहता येत नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटतं, केंद्रकामुळे इलेक्ट्रॉन बिघडतो हे त्यांनी धरलंच होतं, पण इलेक्ट्रॉनमुळे केंद्रक बिघडतं याचा विचार त्यांनी केला नव्हता. मुळात दोघांचा वाद असा होता की चांगलं मोजमाप बाहेरून करावं की आतून. आतून करायचं तर तिथे काहीतरी ठेवावं लागतं, आणि ठेवलेलं काही तटस्थ नसतं. तरीही मी बहिणीच्या बाजूचा आहे. बाहेरून मोजणाराही चुंबक लावतो, प्रवाह सोडतो, तुकडा तापवतो. आपण किती ढवळलं हे ज्याला माहीत आहे त्याचा आकडा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

काका: आपल्याकडे हे कुणी केलंय का? की सगळं बेल लॅब्ज आणि हार्वर्ड?

धाकटी: एनएमआर आपल्याकडे फार लवकर आलं. इथेनॉलच्या एनएमआरमध्ये तीन वेगळी शिखरं दाखवणारा १९५१ चा स्टॅनफर्डचा लेख आहे ना, रसायनशास्त्रात एनएमआरचं दार ज्यानं उघडलं, त्यावर अर्नॉल्ड आणि पॅकार्ड यांच्याबरोबर धर्मट्टी यांचं नाव आहे. तेच पुढे मुंबईत टीआयएफआरला आले आणि इथे एनएमआर उभं केलं.

काका: मग मला एक कामाची गोष्ट सांग. फॉस्फरस घालत गेलं की सिलिकॉन एका टप्प्याला धातूसारखं वागायला लागतं. साधारण तेरा हजार सिलिकॉन अणूंमागे एक फॉस्फरस, तिथे. आम्ही तसल्या चकत्या तळाला वापरायचो. त्या टप्प्याच्या अलीकडे-पलीकडे माझा हॉल आणि तुझा एनएमआर वेगळं काय सांगतील?

धाकटी: हा प्रश्न कॉर्नेलमध्ये होलकॉम्ब आणि सुंडफर्स यांनी १९६४ मध्येच घेतला. हॉल म्हणेल, टप्पा ओलांडल्यावर सगळे इलेक्ट्रॉन वाहतात. एनएमआर जास्त बारीक बोलतं. टप्प्याजवळ सिलिकॉन-२९ ची रेषा पसरट होते, कारण फॉस्फरस कुठे दाट पडलाय, कुठे विरळ, आणि त्याप्रमाणे केंद्रकाला जाणवणारे इलेक्ट्रॉनही जागोजागी वेगळे. पुढच्या कामांतून तर असं दिसलं की धातू झाल्यावरही काही इलेक्ट्रॉन आपापल्या फॉस्फरसपाशी अडकून, स्पिन धरून बसलेले राहतात. वाहणाऱ्यांच्या गर्दीत न वाहणारे. हॉलला ते वेगळे काढता येत नाहीत.

काका: आणि एनएमआरला त्यांची संख्या सांगता येते?

धाकटी: एकट्या एनएमआरला नाही. चुंबकीय ग्रहणशीलता आणि विशिष्ट उष्मा यांची मापं जोडीला लागतात.

काका: प्रामाणिक उत्तर दिलंस. माझ्याकडे एका मित्रानं दिलेल्या तसल्या चकत्या आहेत, टप्प्याच्या जरा वर. एकच चकती घेऊ. एक तुकडा मला, एक तुला. आकडे शेजारी मांडू.

धाकटी: मला तुकडा मोठा लागेल. आणि मी तो कुटणार.

काका: कुटणार? चकती?

धाकटी: इतक्या फॉस्फरसला सिलिकॉन एवढं चांगलं वाहक असतं की साठ मेगाहर्ट्झची रेडिओलहर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या आत विरून जाते. तुकडा जाड असेल तर आतली केंद्रकं बहिरी राहतात. म्हणून भुकटी, कण त्यापेक्षा बारीक.

काका: मग माझा तुकडाही त्याच भागातून हवा, कडेचा नाही. कडेला अशुद्धी वेगळी असते. आणि तुझ्या तुकड्यावर मी आधी चार ठिकाणी प्रोब टेकवून घेणार. एकदा कुटलास की त्याचा रोध कुणालाच सांगता येणार नाही.

धाकटी: चालेल. पण कुटायला पोलादी खल नको. लोखंडाचा कण भुकटीत गेला की तो केंद्रकांचा वेळ खाऊन टाकेल आणि मी तो इलेक्ट्रॉनांच्या नावावर लिहीन. अकीकाचा खल वापरायचा. आणि कुटल्यावर ॲसिडनं धुवायचं. कणांच्या पृष्ठभागावर तुटलेले बंध राहतात, त्यांचाही स्पिन असतो.

काका: ॲसिड कुठलं?

धाकटी: हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक मिसळून. तुम्ही चकत्यांच्या एचिंगला जे वापरायचात, तेच.

काका: त्याचं प्रमाण मी सांगतो. आणि ते फ्यूम हूडमध्येच, मी समोर उभा असताना.